पोम्पेई: सव्वादोन तासांत आणि दिवसभरात

इटलीत नेपल्सजवळ ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेलेले पोम्पेई हे प्राचीन रोमी शहर आम्ही उभयतांनी गेल्या एप्रिलमध्ये दोनदा पाहिले. पहिल्यांदा सहल कंपनीच्या घोळक्यातून, घड्याळ लावून सव्वादोन तासांत पाहिले. आणि सहल संपल्यावर, बाकीची मंडळी मुंबईच्या विमानात बसली तेव्हा आम्ही दोघे रोमहून पुन्हा नेपल्सला गेलो आणि स्वतःच्या खर्चाने, सकाळी नऊला दरवाजा उघडल्यापासून ऊन कलेपर्यंत पाहिले. पहिल्या वेळी पडक्या भिंती पाहून परतल्यासारखे वाटले होते, दुसऱ्या वेळी एक नांदते गाव पाहून आल्यासारखे वाटले. लातूर, धाराशिव, बीड, परभणीकडून युरोपच्या सहलींना जाणारी मंडळी आता पुष्कळ झाली आहेत आणि त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत पोम्पेईसमोर बहुतेक वेळा ‘अर्धा दिवस’ असे लिहिलेले असते, म्हणून हा अभिप्राय जरा सविस्तर लिहीत आहे. मी तीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांत इतिहास शिकवला, आणि त्यातील शेवटची अकरा वर्षे तेरच्या पंचक्रोशीत काढली. तेरचा या विषयाशी काय संबंध आहे, ते पुढे येईलच.

सहल कंपनीबद्दल आधी सांगून मोकळा होतो. बस, निवास, जेवण यांविषयी तक्रार नाही. शाकाहारी जेवणाची सोयही चोख होती. परंतु पोम्पेईच्या बाबतीत त्यांनी जे केले, ते पैसे देऊन गेलेल्या माणसाच्या पदरात काही पडू न देण्यासारखे होते. स्थानिक वाटाड्या जाणकार होता, पण त्याला ठरवून दिलेला वेळच इतका थोडा होता की चौक, न्यायसभा, स्नानगृह आणि वेश्यागृह एवढे दाखवून त्याने आम्हाला बाहेर काढले. त्यानंतर पोवळ्याच्या आणि शिंपल्यावर कोरलेल्या दागिन्यांच्या दुकानात पाऊण तास गेला. तो पाऊण तास गावात मिळाला असता तर निदान एक घर नीट पाहून झाले असते. सहलीचे पैसे भरण्यापूर्वी पोम्पेईला नेमके किती तास आहेत आणि कोणकोणती घरे दाखवणार आहेत, हे लेखी विचारून घ्यावे, असा माझा आग्रहाचा सल्ला आहे.

स्वतंत्रपणे जाणे मुळीच अवघड नाही. नेपल्सहून व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या पायथ्याने जाणारी सर्कमव्हेसुव्हियाना ही लोकल साधारण ४० मिनिटांत ‘पोम्पेई स्कावी – व्हिला देई मिस्तेरी’ या स्थानकावर उतरवते आणि तिथून पोर्ता मारिना हा दरवाजा चार पावलांवर आहे. आजच्या पोम्पेई शहराचे स्थानक निराळे आहे, तिथे उतरू नये. तिकीट साधारणतः २० युरोच्या आसपास पडते. नोव्हेंबर २०२४ पासून तिकिटावर नाव असते आणि दिवसाला जास्तीत जास्त २०,००० लोकांनाच आत सोडतात, म्हणून तिकीट आधीच काढावे आणि पारपत्र जवळ ठेवावे. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश विनामूल्य असतो. पैसे वाचतात, पण गर्दी फार, तेव्हा माझ्या मते तो दिवस टाळलेलाच बरा.

आता गावाविषयी. सर्वांना ठाऊक असलेली हकीकत अशी की इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि दहा-बारा हजार वस्तीचे हे शहर राख आणि सच्छिद्र दगडगोट्यांच्या चार ते सहा मीटर थराखाली गाडले गेले. १७४८ साली तिथे खोदकाम सुरू झाले, ते आजतागायत चालू आहे. शहराचा विस्तार सुमारे ६६ हेक्टर, म्हणजे आपल्या हिशेबाने १६० एकरांच्या वर आहे आणि त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा अजून मातीखालीच आहे. हे आकडे मी वर्गात अनेकदा सांगितले होते. पण १६० एकर म्हणजे काय, ते तिथल्या काळ्या फरसबंदीवरून चालताना पायांना कळते.

त्या रस्त्यांवरच मी सर्वांत जास्त वेळ काढला. फरसबंदी लाव्हाच्या काळ्या, वेड्यावाकड्या कोनांच्या मोठ्या चिऱ्यांची आहे, आणि त्या चिऱ्यांत गाड्यांच्या चाकांनी वीतभर रुंदीच्या खोल खाचा पडलेल्या आहेत. चाकोरी हा शब्द आपण आता नुसत्या अलंकारिक अर्थाने वापरतो. पण ज्यांनी काळ्या रानातल्या गाडीवाटेने बैलगाडी हाकली आहे, त्यांना तिथे तो शब्द मूळ अर्थाने भेटतो. फरक इतकाच की आपली चाकोरी पावसाळ्यात चिखलात पडते आणि उन्हाळ्यात वाळून टणक होते, तर इथली दगडात कोरली गेली आहे. रस्ता ओलांडण्यासाठी मध्ये उंच दगड बसवले आहेत, म्हणजे सांडपाणी वाहत असले तरी पाय न भिजवता पलीकडे जाता येई, आणि त्या दगडांमध्ये चाके जाण्यापुरती फट सोडलेली आहे. मी वाकून एका खाचेत हात घातला, तेव्हा माझा पंजा मनगटापर्यंत आत गेला.

चौकाचौकांवर पाण्याच्या दगडी टाक्या आहेत. अशा सार्वजनिक टाक्या या एवढ्याशा शहरात चाळीसहून अधिक होत्या. डोंगरातून नहराने आलेले पाणी व्हेसुव्हियस दरवाज्याजवळच्या उंच जागी जमा होई आणि तिथून शिशाच्या नळांनी गावभर वाटले जाई. उतारामुळे वाढणारा दाब कमी करण्यासाठी मध्ये मध्ये मनोरे उभारले होते. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या लातूरच्या माणसाने ही व्यवस्था उभ्या उभ्या पाहून पुढे जावे, हे शक्यच नाही. एका टाकीच्या काठाचा दगड तोटीच्या बाजूला गुळगुळीत झिजून खोलगट झाला होता. पाणी पिण्यासाठी वाकताना पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी तिथेच हात टेकला होता. आमच्या जुन्या आडाच्या काठावरच्या दगडालाही अशाच दोराच्या खाचा आहेत. माझ्या पत्नीने त्या झिजलेल्या जागी हात ठेवला आणि म्हणाली, “अहो, इथं बायकाच जास्त येत असतील.” या टाक्यांपैकी काहींना आजही पिण्याचे पाणी येते, रिकामी बाटली जवळ ठेवावी.

घरे पाहताना मराठवाड्यातल्या माणसाला एक सोय आहे, ती अशी की त्याला वाडा ठाऊक असतो. रस्त्याकडे खिडक्या जवळजवळ नाहीत. दारातून आत गेले की अरुंद ढेळज, मग मध्ये आभाळाला उघडा चौक, चौकात पावसाचे पाणी झेलणारे चौकोनी कुंड आणि त्याखाली ते साठवणारी टाकी, भोवताली खोल्या, समोर घरधन्याची बैठक. मातीखाली गाडलेल्या रोमी घराचा नकाशा समजायला मला कोणतेही पुस्तक उघडावे लागले नाही. एका मोठ्या घराच्या उंबऱ्यात साखळीने बांधलेल्या कुत्र्याचे चित्र काळ्या-पांढऱ्या खड्यांत जडवले आहे आणि खाली ‘कुत्र्यापासून सावध’ असे लॅटिनमध्ये लिहिले आहे. फाउन या वनदेवतेच्या नावाने ओळखले जाणारे घर तर जवळपास ३,००० चौरस मीटरचे आहे. तिथे जमिनीवर अलेक्झांडर आणि दारियस यांच्या युद्धाचे जे खडाकाम दिसते ती प्रतिकृती आहे, मूळ काम नेपल्सच्या वस्तुसंग्रहालयात आहे.

वेत्तींचे घर मात्र कोणीही चुकवू नये. दीर्घ काळ चाललेल्या दुरुस्तीनंतर ते जानेवारी २०२३ मध्ये पुन्हा उघडले. त्याचे मालक मुळात दास होते. मुक्त झाल्यावर व्यापारात त्यांनी संपत्ती मिळवली आणि भिंती न् भिंती रंगवून घेतल्या. एका दालनात पंख असलेली बाळे निरनिराळे धंदे करताना दाखवली आहेत: कोणी सुगंधी तेल काढते आहे, कोणी सोन्याचांदीचे काम करते आहे, कोणी कापड धुते आहे, कोणी मद्य विकते आहे. आपल्या कष्टाच्या धंद्यांना या माणसांनी दिवाणखान्याच्या भिंतीवर मानाची जागा दिली, हे मला फार मोलाचे वाटले. याच घरात दाराशी एक उघड कामुक चित्रही आहे. मुले बरोबर असतील तर पालकांनी हे आधी माहीत करून घ्यावे.

माझ्या पत्नीला जे सापडले ते मला एकट्याला सापडले नसते. स्वयंपाकघराच्या किंवा चौकाच्या भिंतीत कोनाडा करून घरोघरी कुलदेवतांचे देवघर केलेले असते, आणि त्याखाली वेटोळी घेत वेदीकडे सरकणारे दोन नाग रंगवलेले असतात. वेदीवर त्यांच्यासाठी अंडी किंवा फळे ठेवलेली दाखवतात. पहिले देवघर पाहिले तेव्हा ती नुसती थांबली, दुसरे पाहिले तेव्हा म्हणाली, “आपण पंचमीला भिंतीवर काढतो, तसंच की हे.” या दोन प्रथांचे मूळ एक आहे असे मी म्हणणार नाही, तसे म्हणायला आधार नाही. पण घराचे राखण नागाकडे सोपवणारी माणसे तिथेही होती, एवढे त्या भिंतीवर स्पष्ट लिहिलेले आहे.

धंद्यांच्या जागा भरपूर आहेत. तीसहून अधिक भट्ट्या सापडल्या असून बहुतेक भट्ट्यांच्या अंगणात कमरेत बारीक, वरखाली पसरट अशी दगडी जाती उभी आहेत. ती गाढवे फिरवीत किंवा माणसे. मोदेस्तुसची म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भट्टीत ८१ पाव कोळसा होऊन जसेच्या तसे सापडले. तसा एक पाव काचेआड पाहायला मिळतो: गोल, वर आठ भागांच्या रेघा पाडलेला, जणू भाजणाऱ्याने तोडून वाटायला सोपे जावे म्हणून आखून दिलेला. तयार अन्न विकणाऱ्या दुकानांच्या कट्ट्यात रांजण बसवलेले आहेत. अगदी अलीकडे, २०२० साली पूर्ण उघडे झालेल्या अशा एका दुकानाच्या कट्ट्यावर कोंबडा आणि उलटी टांगलेली बदके इतक्या ताज्या रंगांत आहेत की रंगाऱ्याने कालच हात धुतला असे वाटावे; तिथल्या रांजणांत बदक, बोकड, डुक्कर, मासे आणि गोगलगायी यांचे अवशेषही मिळाले. रस्त्याकडेच्या भिंतींवर निवडणुकीच्या जाहिराती रंगवलेल्या आहेत. अशा अडीच हजारांहून अधिक जाहिराती आजवर नोंदल्या गेल्या असून त्यांत अमुक उमेदवाराला फळविक्यांचा पाठिंबा आहे, तमुकाला खेचरे हाकणाऱ्यांचा, असा मजकूर असतो. मताचा अधिकार नसलेल्या स्त्रियांची नावेही पाठीराख्यांत आढळतात.

आता जे लिहिणार आहे ते लिहिणे सोपे नाही. पोम्पेईत मेलेल्या माणसांच्या देहांवर राखेचा थर बसला आणि घट्ट झाला. आत देह नाहीसा झाला, पण त्याची पोकळी तशीच राहिली. १८६३ साली उत्खननप्रमुख जुझेप्पे फिओरेल्ली याने त्या पोकळ्यांत पातळ प्लास्टर ओतून ते सुकू दिले आणि मग भोवतालची राख काढली, तेव्हा माणसे उभी राहिली: कपड्यांच्या चुण्यांसह, तोंडावर घेतलेल्या हातांसह. आपल्याकडे गणपतीचे साचे भरणाऱ्यांना ही रीत लगेच समजेल. गावाच्या दक्षिणेकडच्या एका बागेत अशा १३ जणांच्या आकृती ज्या जागी सापडल्या तिथेच ठेवल्या आहेत. त्यांत मुले आहेत. एक जण कोपरावर भार देऊन उठण्याच्या बेतात आहे आणि तसाच राहिला आहे.

आमच्या पहिल्या फेरीत ही बाग नव्हतीच. दुसऱ्या वेळी तिथे पोहोचलो तेव्हा दुपार टळत होती आणि गर्दी मुख्य चौकाकडे होती. माझी पत्नी सास्तूरच्या बाजूची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि सास्तूरच्या परिसरात जो भूकंप झाला, त्यात तिच्या मामाच्या घरातील चार माणसे गेली. मी तेव्हा तिसऱ्या दिवशी शिक्षकांच्या पथकाबरोबर तिथे गेलो होतो. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचे मातीचे जड माळवद झोपलेल्या माणसांवर बसले होते, आणि ढिगारा उपसताना माणसे ज्या स्थितीत सापडत होती ती मी त्यानंतर कोणाला कधी सांगितली नाही. त्या १३ आकृतींसमोर आम्ही दोघे बराच वेळ उभे राहिलो, आणि बत्तीस वर्षांनी पहिल्यांदा त्या ढिगाऱ्याविषयी एकमेकांशी बोललो.

हे येथे लिहिण्याचे कारण असे की भूकंप हा पोम्पेईच्या गोष्टीतला मोठा भाग आहे आणि घाईच्या फेरीत तो सांगितला जात नाही. उद्रेकाच्या सतरा वर्षे आधी, इसवी सन ६२ मध्ये, या गावाला मोठा भूकंप बसला होता. एकदा ठाऊक झाले की भिंतीभिंतीत त्याच्या खुणा दिसू लागतात: दगडी भिंतीत मध्येच विटांचे ठिगळ, भेग बुजवलेली, खचलेला कोपरा नव्याने चढवलेला. युकुंदुस नावाच्या सावकाराने, ज्याच्या घरात व्यवहार नोंदलेल्या दीडशेहून अधिक मेणपाट्या सापडल्या, आपल्या देवघरावर चौकातले देऊळ कलंडत असल्याचे शिल्प कोरवून घेतले होते. म्हणजे ज्यांच्यावर ७९ साली राख पडली, ते लोक घर पुन्हा बांधण्याच्या मधोमध होते. उद्रेकाच्या दिवशी आधी कित्येक तास हलके दगडगोटे पडत राहिले, त्यांच्या ओझ्याने छपरे बसली, आणि नंतर जळते वायू व राख यांचे लोंढे गावावरून गेले, त्यांनी मागे राहिलेल्यांना गाठले. हजाराहून अधिक लोकांचे अवशेष आजवर सापडले आहेत. पुष्कळ जण आधीच्या तासांत निघून गेले असावेत. जुन्या किल्लारीच्या जागेवर ज्यांनी नंतर पाऊल ठेवले आहे, रिकाम्या जोत्यांमधून जुन्या गल्लीचा माग काढला आहे, त्यांना पोम्पेईत एकट्याने चालताना काय होईल ते मी सांगायला नको. त्यांनी ही बाग दिवसाच्या शेवटी पाहावी, सुरुवातीला नको.

अडचणी सांगतो. सावली फार कमी आहे. एप्रिलातले ऊन आपल्याला काहीच नाही, पण जून ते ऑगस्टमध्ये काळी फरसबंदी तापते. चिरे उंचसखल असल्याने गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी काठी आणि जाड तळव्याचे बूट घ्यावेत. चपला घालून जाऊ नये. सगळी घरे एकाच वेळी उघडी नसतात, तेव्हा सकाळीच दरवाज्यावर त्या दिवशीची यादी पाहून नकाशावर खुणा कराव्यात. मोठी पिशवी आत नेता येत नाही. आमच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आम्ही बाहेर येऊन बाकावर बसून खाल्ली. मराठीतून सांगणारा कोणी आम्हाला मिळाला नाही. इंग्रजी समजत असेल तर परवानाधारक वाटाड्या दोन तासांसाठी घ्यावा आणि उरलेला दिवस स्वतः फिरावे, हा मेळ मला उत्तम वाटला.

पोम्पेईसाठी काढलेल्या दिवसाला नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व वस्तुसंग्रहालयाचा अर्धा दिवस जोडल्याशिवाय हा प्रवास पुरा होत नाही. ते मंगळवारी बंद असते. भिंतीवरची उत्तम चित्रे, भांडी, मूर्ती इथे आणून ठेवल्या आहेत. पण मी गेलो ते एका वस्तूसाठी. १९३८ साली अमेदेओ मायुरी या पुरातत्त्वज्ञाच्या उत्खननात पोम्पेईच्या मुख्य रस्त्यालगतच्या एका घरात हस्तिदंताची भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. ‘पोम्पेईची लक्ष्मी’ या नावाने ती प्रसिद्ध झाली, आणि त्या घरालाही आता ‘भारतीय मूर्तीचे घर’ म्हणतात. उंची जेमतेम २४ सेंटीमीटर. दोन्ही बाजूंना दोन लहान सेविका, गळ्यात भरगच्च हार, पाठीवर रुळणारी गुंफलेली वेणी, पायांत थरावर थर तोडे आणि हातांत कोपराकडे चढत गेलेल्या बांगड्या. “लमाण तांड्यावरच्या म्हाताऱ्या बाया घालतात तशा,” असे माझी पत्नी म्हणाली, आणि तिथल्या पाटीवरच्या माहितीपेक्षा मला ते अधिक जवळचे वाटले. मूर्तीच्या डोक्यातून खाली भोक आहे, त्यावरून ती आरशाची मूठ किंवा लहान चौरंगाचा पाय असावी, असे अभ्यासक म्हणतात. ती लक्ष्मी नसून यक्षी असावी, असेही मत आहे. ती ज्या गुप्त दालनात ठेवली आहे तिथे बाकी बहुतेक कामविषयक वस्तू आहेत, हे कुटुंबासह जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

ही मूर्ती आपल्याकडच्या वाचकाला का पाहायला सांगतो आहे, ते आता सांगतो. तिच्याशी अगदी मिळतीजुळती हस्तिदंती स्त्रीमूर्ती धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला मिळाली, आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननातही त्याच घडणीच्या मूर्तीचा भाग मिळाला. भोकरदन म्हणजे सांची आणि भारहूतच्या शिलालेखांतले भोगवर्धन. भोगवर्धनच्या दात्यांची नावे तिथल्या बौद्ध स्तूपांवर कोरलेली आहेत. तेर म्हणजे तगर. पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या व्यापारी प्रवासवर्णनात म्हटले आहे की भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर. पैठणहून गोमेदासारखे दगड आणि तगरहून जाडेभरडे कापड व मलमल गाड्यांत भरून, रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदरात नेले जाई. पोम्पेईच्या मूर्तीच्या तळाशी खरोष्ठी लिपीतले अक्षर आहे आणि खरोष्ठी ही वायव्येकडची लिपी, त्यामुळे ती मूर्ती मराठवाड्यातच घडली असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण तेर, भोकरदन आणि पोम्पेई ही तीन गावे एकाच व्यापाराच्या दोरीत ओवलेली होती, हे तिच्याकडे पाहताना समजते. रोमी लेखक थोरला प्लिनी, जो व्हेसुव्हियसच्या याच उद्रेकात मरण पावला, त्याने भारताकडे दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स (रोमी नाणी) जातात अशी तक्रार लिहून ठेवली आहे. त्यातला काही पैसा तेरणेच्या काठच्या विणकऱ्यांच्या हातात पडला असणार.

म्हणून इटलीला जाण्यापूर्वी एक दिवस तेरला जा, आणि आल्यावर पुन्हा जा, असे मी प्रत्येकाला सांगतो. रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालयात तेरच्या टेकड्यांतून निघालेल्या मृण्मूर्ती, मणी, शंखाच्या व हस्तिदंताच्या वस्तू आणि रोमी घडणीची छाप असलेल्या वस्तू पाहायला मिळतात; लामतुरे कुटुंबाने आयुष्यभर त्या गोळा केल्या नसत्या तर यातले बरेच काही शेतांच्या बांधांत विरून गेले असते. त्रिविक्रमाचे विटांचे देऊळ पाहावे: मागची बाजू गोलाकार असलेली ती वास्तू मुळात बौद्ध चैत्यगृह होती, असे अभ्यासक मानतात. आणि गोरोबाकाकांचे दर्शन घ्यावे. ज्या गावाच्या पांढरीत पायाखाली दोन हजार वर्षांची खापरे चुरचुरतात, त्या गावाने संत म्हणून एका कुंभाराला वंदावे, याचा मला नेहमीच आनंद वाटत आला आहे. मे महिन्यात, पोम्पेईहून परतल्यावर, मी पुन्हा तेरच्या टेकडीवर गेलो तेव्हा पहिल्या वळवाने माती धुऊन निघाली होती आणि लाल, काळी खापरे वर आली होती. एका रांजणाच्या काठाचा तुकडा हातात घेऊन पाहिला, बोटाने आतली वळणे चाचपली आणि होता तिथेच ठेवला. तो उचलून घरी न्यायचा नसतो, हे मी मुलांना अकरा वर्षे सांगत आलो.

आमचे एक राहून गेले: हर्क्युलेनियम. त्याच लोकलवर, पोम्पेईच्या अलीकडे, याच उद्रेकात गाडले गेलेले ते छोटे गाव आहे आणि तिथे जळून कोळसा झालेली लाकडी दारे, तुळया, पलंगसुद्धा टिकून आहेत. ज्यांच्याजवळ तीन दिवस आहेत त्यांनी पहिला दिवस हर्क्युलेनियमला, दुसरा पोम्पेईला आणि तिसरा संग्रहालयाला द्यावा. दोनच दिवस असतील तर पोम्पेई आणि संग्रहालय. एकच दिवस असेल, तर सकाळी नऊला पोर्ता मारिनावर उभे राहावे आणि संध्याकाळी शेवटच्या घंटेपर्यंत बाहेर पडू नये.